मर्ल डिरीनचा हरवलेला सेकंद

ब्रॅकन क्रीक गावात स्वतःचा आकडा आवडलेला कुऱ्हाडवाला अजून जन्माला यायचाय. डार्सी ब्रिग्जचंच घ्या. डार्सी नाकातून बोलतो, आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट असं वर उचलतो की वाटावं, याच्या चहात कुणीतरी मीठ टाकलंय. "सतराऽऽ? मलाऽऽ? अगं मर्ल, माझ्या गुडघ्याकडे तरी बघ गंऽऽ!" दुसरा एक जण छातीवर हात ठेवून मेलेल्या बापाला साक्षीला बोलावतो. तिसरा काही बोलत नाही, नुसता "हं" म्हणतो, पण तो "हं" गोठ्यातल्या गाईलाही ऐकू जातो.

आकडा म्हणजे सेकंद. लाकूडतोडीच्या शर्यतीत सगळे ओंडक्यांसमोर पांढऱ्या बनियनीत उभे राहतात आणि रेग्गो कथबर्ट कर्ण्यातून मोजायला लागतो. ज्याचा आकडा पुकारला, त्याने पहिला घाव घालायचा. नवख्याला तीन किंवा पाच, तो आधी सुटतो. कसलेल्याला वीस, चोवीस. तोपर्यंत बिचारा कुऱ्हाड धरून दुसऱ्यांच्या ढलप्या उडताना बघत बसतो. जिंकलं की आकडा दोनने चढतो, दुसरं आलं की एकने, तिसरं आलं तर आहे तिथेच. आणि तीनदा उतरून एकदाही पहिल्या तिघांत नाव लागलं नाही, तर एक सेकंद उतरतो.

हे सगळं ठरवते मर्ल डिरीन. गेली बत्तीस वर्षं तीच.

मर्ल एकाहत्तर वर्षांची आहे आणि आयुष्यभर गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी चालत आली आहे. खुर्चीत बसली तर पाय हलतो, पाय धरला तर बोटं वाजतात. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती पुढच्या बाकावरच्या बायकांच्या टोपीतली पिसं मोजते. निवांत बसलेली मर्ल बघायला मिळते ती एकाच ठिकाणी, संगणकासमोर. तिथे ती मांजरासारखी बसते.

शोच्या, म्हणजे गावच्या शेतकी जत्रेच्या, दिवशी ती चेनसॉवाले लावतात तसली मोठी नारिंगी कानझाकणं लावते. सकाळी आकड्यांचा कागद फळीवर एका खिळ्याने ठोकायचा, कानझाकणं चढवायची, ती सूर्य बुडाल्यावर काढायची. मधल्या वेळात कुणी कितीही ओरडो. ती हसून मान हलवते आणि स्वतःच्या हातोडीकडे बोट दाखवते. खिळा ठोकला, विषय संपला. हा नियम तिचाच. एकदा नवऱ्याचा आकडा टंकताना तिच्याकडून दोनने जास्त पडला, खिळा ठोकल्यावर लक्षात आलं, तरी तिने बदलला नाही. तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. "लग्नातला सगळ्यात शांत आठवडा," असं ती अजून सांगते.

तिचा एक सिद्धान्तही होता. सगळे सारखेच कुरकुरत असले, तर आकडे बरोबर. एखादा गप्प झाला की समजायचं, त्याला काहीतरी फुकट मिळतंय.

मर्लच्या आधी हे काम तिच्या नवऱ्याच्या मामाकडे होतं. मामा आकडे डोक्यात ठेवायचा, आणि त्याच्या डोक्यात पुतण्यांचे आकडे दर हंगामात आपोआप उतरायचे. मर्ल तेव्हा कागदाच्या मिलमध्ये संगणकाच्या खोलीत होती. रात्रपाळीच्या वाफाळलेल्या खोलीत पुस्तक मांडीवर ठेवून ती सी भाषा शिकली होती. ती म्हणाली, माणसाला भाचे-पुतणे असतात, यंत्राला नसतात. तीन महिन्यांत तिने तीनशे ओळींचा प्रोग्राम लिहिला. मामा चार वर्षं तिच्या घरी जेवला नाही.

त्या काळी यंत्रात जागा कमी. सी भाषेत एक अक्षर ठेवायला एक इवलासा डबा असतो, त्याला कॅरेक्टर म्हणतात. मर्लच्या पिढीने जागा वाचवायला छोटे आकडेही त्याच डब्यात कोंबले. कुणाचा आकडा किती चढला किंवा उतरला, म्हणजे अधिक दोन, अधिक एक, शून्य, वजा एक, यासाठी तिने तोच डबा घेतला. शेजारी टीप लिहिली: "लहान आकडा, उघडच आहे." आणि ती हुशार होती म्हणून एक कुंपणही घातलं. पाचपेक्षा मोठा बदल आला तर तो टंकताना झालेली चूक समजायचा आणि सोडून द्यायचा. एका शोमध्ये कोण पाचाच्या वर चढतो?

ते जुनं यंत्र तीस वर्षं चाललं. दोन हंगामांपूर्वी त्याने एका सकाळी जळक्या टोस्टसारखा वास सोडला आणि डोळे मिटले. तेव्हा तिची मुलगी टेगन होबार्ट शहरातून आली. टेगन प्रोग्राम लिहूनच पोट भरते. तिने खिशातून तळहाताएवढा एक बोर्ड काढला, त्यात फोनात असतो त्या जातीचा मेंदू, आणि आईचा प्रोग्राम त्यावर चढवला.

"काही बदललंस?" मर्लने विचारलं.

"एक अक्षरही नाही, मम. जसा होता तसा नव्या यंत्राच्या भाषेत बांधला, तसाच चालला."

हे मर्लने पुढे दोन वर्षं दुकानात, चर्चमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सांगितलं. तीस वर्षांचा प्रोग्राम, नवं यंत्र, एक अक्षर बदललं नाही!

यंदाच्या शोच्या दिवशी सकाळी नऊला खिळा ठोकून झाला. मर्ल रिंगणाशेजारच्या तिच्या कॅराव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोलीत होती. कानझाकणं गळ्यात होती, अजून वर चढवायची होती. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली आणि एल्विन टार्गेटचं मोठं, चौकोनी, दाढी करताना दोन ठिकाणी कापलेलं तोंड दिसलं.

एल्विन अठ्ठावन्न वर्षांचा. तो मेंढ्या पाळतो, आणि बोलतो असं की शब्दामागे कर द्यावा लागतो. जुन्या यंत्राच्या शेवटच्या हंगामात त्याने उभ्या ओंडक्याची मोठी शर्यत बावीसवरून सुटून जिंकली होती. म्हणून त्याचा आकडा चोवीस झाला. त्यानंतर त्याला काही मिळालं नव्हतं.

त्याने खिडकीच्या कट्ट्यावर कुऱ्हाडवाल्यांच्या संघाचं सभासद-कार्ड ठेवलं.

"हे काय रे?"

"आजचं शेवटचं."

"का?"

एल्विनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "हात गेला, मर्ल."

"गेला म्हणजे?"

"गेला. उतरतो, तोडतो, बघतो तर सगळे घरी गेलेले." मग त्याच्या मानाने भाषण ठरेल इतकं तो बोलला. "कुऱ्हाडींची पेटी डार्सीला दिली. गंजण्यापेक्षा बरं. आकड्याबद्दल काही नाही हं. तू बरोबर असतेस."

तो गेला. मर्ल कार्ड हातात धरून उभी राहिली, आणि तिचा उजवा पाय हलायला लागला.

आकड्याबद्दल काही नाही, म्हणे! बत्तीस वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या सिद्धान्ताप्रमाणे आता तिने बघायला हवं होतं की एल्विनला फुकट काय मिळतंय. तिने कपाटातून वही काढली. यंत्र असो नसो, प्रत्येक शोचा निकाल ती हाताने वहीत लिहीत आली आहे, नुसती बोटांना काम हवं म्हणून. एल्विन टार्गेट: दोन हंगाम, अठरा शर्यती, पहिल्या तिघांत जागा एकही नाही.

अठरा भागिले तीन, सहा. सहा सेकंद उतरायला हवेत. चोवीसचे अठरा व्हायला हवेत.

तिने खिडकीतून फळीवरचा कागद बघितला. एल्विन टार्गेट, चोवीस.

"माझीच चूक," ती स्वतःशी म्हणाली. टंकायची राहिली असेल. तिने यंत्रातली नोंद उघडली. राहिली नव्हती. प्रत्येक तिसऱ्या शर्यतीनंतर तिने स्वतःच्या हाताने वजा एक टंकला होता. सहा वेळा. सहाच्या सहा तिथे होते. आणि आकडा चोवीस.

मर्लने चहा ओतला आणि प्यायला विसरली. डार्सी बघितला. बारा शर्यती रिकाम्या, चार सेकंद उतरायला हवेत, सतराचे तेरा. उतरले नव्हते. तिसरा बघितला, चौथा बघितला. दोन हंगामांत सगळ्या खोऱ्यात चढले ते आकडे चढले होते, पण उतरला एकही नव्हता. एकाचाही नाही. तिला डार्सीचा नाकातला आवाज आठवला, गेल्या मार्चमधला, कानझाकणांतून पुसट झिरपलेला. "मर्ल, उतरतच नाही गं, उतरतच नाहीऽऽ!" ती तेव्हा हसून मान हलवत होती.

कॅराव्हॅनची लांबी तीन पावलं. तिने त्यात तेरा येरझाऱ्या घातल्या. मग तिने टेगनला फोन लावला.

"मम, मी शिंपल्यांची पेस्ट्री खातेय."

"खाली ठेव ती. प्रोग्रामला काय केलंस तू?"

"काही नाही! एक अक्षर..."

"ते पाठ आहे मला, मीच गावभर सांगितलंय. वजा एक टाकलं की काही होत नाही. का होत नाही?"

"तू टाकते आहेस ना नीट? वजाचं चिन्ह..."

"टेगन अ‍ॅन डिरीन!"

पलीकडे पेस्ट्रीची बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कळांची टकटक. मग टेगन बोलली, लहानपणी फुलदाणी फुटल्यावर बोलायची त्याच आवाजात.

"मम. तो बदलाचा डबा. तू नुसतं कॅरेक्टर लिहिलंयस."

"मग काय लिहू? कांदा?"

"साइन्ड की अनसाइन्ड, ते लिहिलेलं नाहीस. त्या डब्यात वजाचे आकडे चालतात की नाही, ते."

"चालतात! तीस वर्षं चाललेत!"

"तुझ्या जुन्या यंत्रावर चालायचे. तू सांगितलं नाहीस तर भाषा म्हणते, यंत्राला विचारा. जुनं म्हणायचं, वजा चालेल, माझा डबा वजा एकशे अठ्ठावीसपासून एकशे सत्तावीसपर्यंत. हे नवं म्हणतं, माझ्याकडे वजा-बिजा काही नाही, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. दोघंही बरोबर आहेत. नियमात दोन्ही बसतं."

"दोघंही बरोबर कशी असतील? नियम आहे की पिकनिक?"

"मम, इंटसाठी, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या डब्यासाठी असं नाही, नुसतं लिहिलं तरी तिथे वजा चालतंच. फक्त या एका डब्याचं त्यांनी यंत्रावर सोडलंय."

मर्लचा विश्वास बसेना. तिने तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. एक डबा घे, त्यात वजा एक टाक, मग आत काय आहे ते दाखव. कळ दाबली.

दोनशे पंचावन्न.

तिने परत दाबली, जणू यंत्राला दुसरी संधी द्यावी. दोनशे पंचावन्न.

आता सगळं तिला एकदम दिसलं. ती वजा एक टंकायची. डब्यात तो दोनशे पंचावन्न व्हायचा. प्रोग्राम विचारायचा, हे शून्यापेक्षा कमी आहे का? नाही. या यंत्रात काहीच शून्यापेक्षा कमी नसतं. मग विचारायचा, पाचपेक्षा जास्त आहे का? हो, बरंच. म्हणजे टंकताना चूक झालेली दिसते, सोडून द्या. तिचं हुशार कुंपण. ते नसतं तर पहिल्याच शोनंतर एल्विनच्या नावापुढे दोनशे एकोणऐंशी छापून आले असते, रेग्गो मोजता मोजता मेला असता, आणि सगळ्यांना कळलं असतं. कुंपण होतं म्हणून दोन वर्षं कुणालाच काही दिसलं नाही.

"साइन्ड हा एक शब्द पुढे लाव," टेगन म्हणाली. "बस. मी बांधताना धोक्याच्या सूचना चालू ठेवल्या असत्या तर यंत्राने मलाही टोकलं असतं. सॉरी, मम."

मर्लने शब्द लावला. पुन्हा बांधला. दोन हंगामांचे निकाल पुन्हा आत सोडले. कागद बाहेर आला. डार्सी, तेरा. एल्विन, अठरा.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. उभ्या ओंडक्याची मोठी शर्यत दोनला. सहा जण उतरणार, त्यांत एल्विन आणि डार्सी.

"आज गप्प राहा," टेगन म्हणाली. "खिळा ठोकलाय ना? पुढच्या शोपासून बरोबर आकडे लाव. कुणाला कळायचं नाही."

टेगनचं बोलणं शहाणपणाचं होतं. मर्लने फोन ठेवला, कानझाकणं चढवली आणि गप्प राहायचा प्रयत्न केला.

तो तिने बाहेर फिरून केला. चहा-केकच्या तंबूत गेली, रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर निघून गेली. मेंढ्यांच्या आवारात गेली, तिथे एका मेंढीने तिच्याकडे बघितलं, तिला ते सहन झालं नाही. पुन्हा फळीपाशी आली आणि तो एक खिळा बोटाने चाचपून बघितला. पक्का होता. ती नेहमी पक्काच ठोकते.

रिंगणाच्या कडेला एल्विन उलट्या बादलीवर बसला होता. त्याच्याकडे आज घासायला पेटी नव्हती. शेवटच्या शर्यतीपुरती एक कुऱ्हाड ठेवून घेतली होती, तिची धार तो अंगठ्याने बघत होता. मग तो उजव्या हाताकडे बघायचा. पालथा करून, उताणा करून. दुकानदाराने वजनात मारलेल्या मालाकडे बघावं तसा.

मर्लला वाटलं, हा माणूस आज घरी जाईल आणि उरलेलं आयुष्य त्या हाताकडे असाच बघत राहील. मेंढीला लस टोचताना, जेवायला काटा-चमचा उचलताना. आणि पुढच्या शोपासून माझे आकडे बरोबर असतील, पण हा तिथे नसेल.

तिने कानझाकणं काढली.

रिंगणात एकदम कुजबुज झाली. दुपारचा एक, लख्ख ऊन, आणि मर्ल डिरीनचे कान उघडे! पेस्ट्री खाणाऱ्याने घास थांबवला. ती तरातरा चालत रेग्गोच्या चबुतऱ्यावर चढली.

रेग्गो कर्ण्यात बोलतो तसाच घरीही बोलतो. "अगं एऽऽ मर्ल! तुला बरंऽऽ नाही काऽऽ?"

"दे तो कर्णा."

"हा संघाचाऽऽ..."

"दे म्हणते ना!"

त्याने दिला. मर्लला कर्ण्यात बोलायची सवय नव्हती, ती फार जवळ बोलली, आणि पहिलं वाक्य घोड्यांच्या आवारापर्यंत फुटलं.

"आकडे चुकलेत! आजचेच नाही. दोन वर्षांचे. चढलेले बरोबर चढलेत, पण उतरायचे होते ते एकही उतरले नाहीत. चूक यंत्राची नाही, मुलीची नाही. माझ्या प्रोग्राममध्ये एक शब्द लिहायचा राहिला, एक्क्याण्णव साली. मला वाटलं होतं, उघडच आहे."

मग सगळे एकदम बोलायला लागले. छातीवर हातवाला मेलेल्या बापाला म्हणाला, "ऐकलंस ना, बाबा?" हंवाल्याने असा "हं" काढला की दोन घोडे बिथरले. आणि डार्सी रिंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला, पांढऱ्या बनियनीत, लाल चेहऱ्याने.

"दोन वर्षं मी काय बोंबलत होतोऽऽ?"

"हेच बोंबलत होतास, डार्सी. तू बरोबर होतास."

डार्सीने वर उचललेलं बोट खाली घेतलं. चाळीस वर्षं तो कुरकुरत आला होता आणि तू बरोबर आहेस असं त्याला त्याच्या बायकोनेही म्हटलं नव्हतं. "मग..." तो म्हणाला, आणि वाक्याचं शेपूट पहिल्यांदाच खाली आलं. "मग आता मी काय बोलू?"

मर्लने नवा कागद वर धरला. "खिळा ठोकलेला आहे. नियम माझा आहे, तो मी एकटी मोडणार नाही. दोनच्या शर्यतीतले सहाही जण हो म्हणाले, तर खिळा काढते."

सहा जण जवळ आले. पाचवर सुटणारी एक नर्स होती, यंदाच आलेली, तिचा आकडा दोन्ही कागदांवर पाचच होता. ती म्हणाली, "मला चालेल. नाहीतरी मी घाबरलेलीच आहे." आणखी तिघे हो म्हणाले. डार्सीने बोटांवर काहीतरी मोजलं. त्याचे चार उतरणार होते, एल्विनचे सहा. त्याने एल्विनकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. "चालेलऽऽ," तो म्हणाला. असा, जणू दात काढला.

राहिला एल्विन. तो मर्लच्या समोर येऊन उभा राहिला.

"सहा सेकंद?"

"सहा."

"म्हणजे हात..."

"हात जिथे होता तिथे आहे, एल्विन. मीच तो हिशेबातून पाडला होता."

एल्विनने खाली बघितलं. बोटं मिटली, उघडली. मर्लच्या दोन्ही पायांना आता एका जागी राहवेना.

"खिळा राहू दे," तो शेवटी म्हणाला. "नवऱ्यासाठी काढला नव्हतास. मी चोवीसवर तोडतो."

"अरे लेका, शेवटची आहे तुझी!" डार्सी ओरडला.

"चोवीस," एल्विन म्हणाला आणि ओंडक्याकडे गेला.

दोन वाजता रेग्गोने घसा खाकरला. "कुऱ्हाडवाले तयाऽऽर! एक! दोन! तीन! चाऽऽर! पाच!" नर्सची कुऱ्हाड पडली, ढलपी उडाली. मर्ल कॅराव्हॅनमध्ये जाऊ शकली नाही, खुर्चीत बसू शकली नाही. ती दोरीला धरून उभी होती, हातात घड्याळ, आणि रेग्गोबरोबर ओठ हलवत होती. सतराला डार्सी सुटला. अठराला मर्लने डोळे मिटले. अठरा गेला, एल्विन उभाच होता. एकोणीस. वीस. तिला त्या सहांतला प्रत्येक सेकंद अंगावर चिमटा काढल्यासारखा लागला. बावीस. तेवीस.

"चोवीस!"

एल्विनची पहिली ढलपी ताटाएवढी होती. मोजणी संपली तरी मर्लचं घड्याळ चालू होतं. तो घाव घालत होता तेव्हा हाताकडे बघत नव्हता, ओंडक्याकडे बघत होता. एक बाजू झाली. वळला. दुसरी बाजू. लोक नर्सच्या नावाने ओरडत होते, कारण तिचा ओंडका डुलायला लागला होता. एकसष्टला तिचा पडला. बासष्टला डार्सीचा. त्रेसष्टला एल्विनचा.

तिसरा. दोन वर्षांतली पहिली जागा.

मर्लने घड्याळ बघितलं, मनातल्या मनात चोवीस वजा केले, आणि मग कॅराव्हॅनकडे पळतच गेली, एकाहत्तर वर्षांची बाई, वही उघडायला. जुन्या यंत्राच्या शेवटच्या हंगामात एल्विन जिंकला तेव्हा त्याला ओंडका पाडायला लागले होते एकोणचाळीस सेकंद. आज लागले एकोणचाळीस.

अठरावर सुटला असता तर सत्तावन्नला संपवून पहिला आला असता. तेरावर सुटून डार्सी अठ्ठावन्नला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. एकोणचाळीस मात्र एका चिठ्ठीवर मोठं लिहिलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर, त्याच्या कार्डाशेजारी ठेवलं.

मग दुपारभर ती तिथेच बसून होती, म्हणजे उठत, बसत, उठत. कानझाकणं खुंटीवर होती. लोक येत होते आणि दोन वर्षांचं साठवलेलं ओतत होते. एकाने वीस मिनिटं घेतली. हंवाला आला आणि त्याने हंची सगळी कारणं सांगितली, ती अकरा निघाली. मर्ल वहीत एकेक लिहून घेत होती आणि तिचा पाय एवढा हलत होता की कॅराव्हॅन डुलत होती.

साडेचारला डार्सी पेटी ओढत आला. "घे म्हणावं त्याला ही, जडऽऽ आहे. माझ्या गुडघ्याने मी अकरा कुऱ्हाडी वागवायच्या काऽऽ?" पेटी पायरीशी आदळून तो गेला.

एल्विन सगळ्यांत शेवटी आला. त्याने पेटीकडे बघितलं. चिठ्ठी उचलली, वाचली, घडी घातली, वरच्या खिशात ठेवली. कार्ड उचललं, ते मात्र लगेच खिशात घातलं नाही.

"पुढच्या शोला अठरा?"

"अठरा. आज तिसरा आलास, चढत नाही, उतरत नाही."

एल्विनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मर्लने वही मिटली. जाणार बहुतेक, नेहमीसारखा. तो गेला नाही. चौकोनी तोंड खिडकीत जरा पुढे आलं.

"अठरा जास्त होतात, मर्ल," एल्विन म्हणाला. "माझ्या वयाकडे तरी बघ."